निदान लागेपर्यंत: दुखणं, थकवा आणि फाईल कशी सांभाळायची

मी गणवेश शिवते. सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडे एका युनिटमध्ये सिंगल नीडल मशीनवर बसते. सीझनला कॉलर आणि खिसे, एरवी जे बंडल पुढ्यात येईल ते. वय ४४. खांदे, कंबर, मांड्या, पोटऱ्या आळीपाळीने ठणकतात, आणि रात्रभर झोपूनसुद्धा सकाळी रात्रपाळी करून आल्यासारखं वाटतं. डॉक्टरांना फायब्रोमायाल्जियाचा (अंगभर दुखणं आणि थकवा, पण रक्तात काही दिसत नाही, असा आजार) संशय आहे, पण आत दुसरं काही लपलेलं नाही ना, हे बघणं अजून चालूच आहे. पक्कं नाव हातात नाही. जे असेच अधेमधे अडकलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

या काळात दोन कामं बरोबरीने चालवावी लागतात: आजाराचा शोध आणि रोजचा संसार. "नाव कळलं की मग बघू" म्हणून घरातलं काहीच बदललं नाही, तर शोध संपायच्या आधी माणूस संपतो. आणि जरा चार दिवस बरे गेले म्हणून तपासणी अर्धवट सोडली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन्हीला वेगळी वही ठेवा, म्हणजे एकाची घाई दुसऱ्यावर निघत नाही.

थांबायचं नाही अशा गोष्टी

पुढचं सगळं सावकाश चालणाऱ्या दुखण्याबद्दल आहे. ताप राहून राहून येतोय, रात्री घामाने कपडे भिजतायत, न ठरवता वजन उतरतंय, एखादा सांधा सुजून लाल आणि गरम झालाय, हातापायातली ताकद गेलीय, लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय, शौच डांबरासारखी काळी होतेय, छातीत दुखतंय किंवा दम लागतोय, तर वही-बिही बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. सोलापुरात रात्री-अपरात्री सिव्हिलचा अपघात विभाग उघडा असतो.

डॉक्टरांसमोर ठेवायचं एक पान

ओपीडीत गर्दी असते. आपला नंबर येईपर्यंत दीड-दोन तास जातात आणि आत गेल्यावर मिळतात पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत आपण सांगतो, "डॉक्टर, सगळं अंगच दुखतंय हो." यातून त्यांना काही कळत नाही, आणि ते बिचारे एक वेदनाशामक लिहून मोकळे होतात. म्हणून घरूनच एक पान लिहून न्यायचं. माझं पान साधारण असं असतं:

"काय होतं: दोन्ही खांदे, कंबर, दोन्ही मांड्या. ठणका, आतून. सकाळी उठल्यावर अंग आखडलेलं, अर्ध्या तासात सुटतं. सांध्यांना सूज नाही.
कशाने वाढतं: पाणी भरणं, सलग बसणं, जागरण. त्रास त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी जास्त.
कशाने कमी होतं: गरम पाण्याची पिशवी, सावकाश चालणं.
झोप: लागते, पण उठल्यावर ताजं वाटत नाही. घोरत नाही, असं घरचे म्हणतात.
चालू गोळ्या: (नाव, किती, कधीपासून). दुकानातून आपण होऊन आणलेल्यासुद्धा.
आधी झालेलं: चिकनगुनिया, टायफॉइड, ऑपरेशन, बाळंतपण.
घरात कुणाला: थायरॉईड, संधिवात, मधुमेह, सोरायसिस.
आज विचारायचं: दोनच प्रश्न."

यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटतो की तासभर आणि वर टिकतो, यावरून डॉक्टर सुजेच्या संधिवाताकडे वळायचं का ते ठरवतात. कंबर आराम केल्यावर जास्त धरते आणि हालचालीने सुटते, असं तरुण माणसात असेल तर त्यांच्या डोक्यात वेगळाच आजार येतो. ठणका, चमक, मुंग्या, आग, बधिरपणा या वेगवेगळ्या तक्रारी आहेत. मुंग्या आणि आग म्हटलं की ते नसांकडे, साखरेकडे, बी-ट्वेल्वकडे बघतात. चिकनगुनिया तर आवर्जून लिहा. तो ताप गेल्यावर महिनोन्‌महिने सांधे धरलेल्या कितीतरी बायका आमच्याच गल्लीत आहेत, आणि ताप विसरला जातो म्हणून कोणी सांगतच नाही.

रोजची वही मात्र छोटी ठेवा. तारीख, दुखणं दहापैकी किती, झोप कशी, दिवसातलं सगळ्यात जड काम कोणतं. एवढंच. रोज पानभर लिहायला बसलात तर आठवड्यात सुटेल, शिवाय सारखं दुखण्याकडेच लक्ष लागून राहतं.

तपासण्या: क्रमाने

मशीन टाका सोडायला लागलं की मेकॅनिक आधी मोटर बदलत नाही. सुई बघतो, दोरा बघतो, बॉबिन केस बघतो, मग टायमिंगला हात घालतो. इथेही तसंच. थकवा आणि अंगदुखीला पहिल्या फेरीत साधारण याच तपासण्या होतात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगात कुठे सूज आहे का, ते बघायला), साखर, थायरॉईडची टीएसएच, किडनी, लिव्हर, कॅल्शियम, लघवी, आणि गरजेप्रमाणे फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-ट्वेल्व, व्हिटॅमिन डी, स्नायूंची सीपीके. यात सापडणाऱ्या गोष्टी दुरुस्त होणाऱ्या असतात, म्हणून त्या आधी. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी निघू शकतं, आणि नुसत्या लोहाच्या कमतरतेनेही माणूस गळून जातो. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-ट्वेल्व कमी होऊ शकतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉईडच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, आकडे चुकीचे येऊ शकतात.

आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, एएनए, एचएलए-बी२७ या संधिवात आणि तशा आजारांच्या रक्ततपासण्या पुढच्या पायरीच्या. त्या लक्षणं बघून लावायच्या असतात. "फुल बॉडी चेकअप, सत्तर टेस्ट" असली पॅकेजं आपल्याकडे मोबाईलवर सारखी येतात. माझं मत विचाराल तर त्यापासून लांब राहा. एएनए थोडा पॉझिटिव्ह तर धडधाकट माणसातही निघतो. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असून संधिवात नसतो, आणि निगेटिव्ह असून संधिवात असतो. एमआरआयचंही तेच. चाळिशीनंतर मणक्याची गादी थोडी सरकलेली, झिजलेली कितीतरी न दुखणाऱ्या माणसांत दिसते. हातात कागद आला की रात्रभर गुगल, आणि सकाळी दुखणं दुप्पट.

कोणतीही नवी तपासणी लिहिली की एकच प्रश्न विचारा, नम्रपणे: "सर, हा रिपोर्ट असा आला किंवा तसा आला, तर पुढे काय बदलेल?" चांगले डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत, उलट नीट बसून सांगतात.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की आमच्या शेजारच्या अक्का म्हणतात, "मग चांगलंच हाय की ओ, कशाला काळजी?" चांगलं आहेच, बरेच मोठे आजार बाजूला पडले. पण फायब्रोमायाल्जिया रक्तात दिसत नाही. दुखण्याचे संदेश हाताळणारी मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील झालेली असते, आणि निदान होतं ते लक्षणांवरून: अंगात ठिकठिकाणी दुखणं, थकवा, न भरून निघणारी झोप, विसरभोळेपणा, किमान तीन महिने. १९९० च्या निकषांत अंगावरचे १८ बिंदू दाबून बघायचे आणि ११ ठिकाणी दुखलं पाहिजे असं होतं. २०१० पासून त्या मोजणीशिवायही निदान करता येतं. काही डॉक्टर अजून दाबून बघतात, तेही ठीक. म्हणजे "काही नाही, टेन्शन आहे" आणि "रक्तात काही नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं ऐकवलं गेलं तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही.

पण दुसरं मत म्हणजे दहा दवाखाने नव्हेत. एक डॉक्टर धरा, शक्यतो एमडी मेडिसिन किंवा नीट ऐकून घेणारे फॅमिली डॉक्टर, आणि सगळ्या रिपोर्टचा धागा त्यांच्या हातात ठेवा. हाडांचे डॉक्टर, नसांचे डॉक्टर, संधिवाततज्ज्ञ यांच्याकडे त्यांच्या चिठ्ठीने जा आणि परत त्यांच्याकडेच या. संधिवाततज्ज्ञांची आधी सोलापुरातच चौकशी करा. पुण्याला जायचंच झालं तर हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, पण तेवढं बसून कंबर धरते. दुसऱ्या दिवशी काही काम ठेवू नका, आणि जायच्या आधी फोन करून कोणते रिपोर्ट लागतील ते विचारून घ्या.

पाण्याचा दिवस

आता संसार. सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी मध्यरात्री. त्या दोन-अडीच तासांत बाई जेवढं वाकते, उचलते आणि पळते, तेवढं उरलेल्या आठवड्यात करत नाही. माझ्या वहीत दुखण्याचा आकडा वर गेला की दोन ओळी वर बघायचं, तिथे "पाणी" लिहिलेलं सापडतं. दोन ओळी वर, कारण फटका लगेच बसत नाही. भरताना जोर असतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही.

म्हणून आठवड्याचं वेळापत्रक सोमवार-मंगळवारवर न लावता पाण्यावर लावा. पाण्याच्या आदल्या दिवशी जड काम नाही. पाण्याच्या दिवशी पाणी सोडून दुसरं काहीच नाही, बाजारसुद्धा नाही. त्यानंतरचा दिवस अर्धा. हंडे-कळश्या शक्य तितक्या बंद करा. लांब पाईप थेट बॅरलमध्ये सोडा, बॅरलला खाली तोटी बसवून घ्या, म्हणजे रोज वाकून तांब्या बुडवायला नको. उचलायचीच झाली तर बादली अर्धी. फेऱ्या दुप्पट होतात, पण कंबर वाचते. आणि चादर! भिजलेली सोलापुरी चादर पिळणं हे धडधाकट माणसाचं काम आहे. ती घरच्या पुरुषाने पिळावी, नाहीतर न पिळता तारेवर निथळत ठेवावी. आपल्या उन्हात दुपारपर्यंत कडक वाळते.

स्वयंपाकात भाकरी थापणं मनगट आणि खांद्याला महागात पडतं. कडक भाकरीचा मोठा पुडा घरात कायम ठेवा. बचत गटाच्या बायका करतात, आठवडा-पंधरा दिवस टिकते. शेंगाचटणी, दही, कांदा, झालं जेवण. सासूबाईंना पहिल्यांदा पसंत नव्हतं. आता त्याच सांगतात, आज कडकच खाऊ.

बरं वाटणाऱ्या दिवशी जास्त सांभाळावं लागतं. अंग हलकं वाटलं की माळा साफ करायला काढतो, आणि पुढचे तीन दिवस आडवे. वहीवरून आपला बेताचा आकडा काढा. म्हणजे समजा, एका वेळी वीस मिनिटं उभं राहून काम झेपतं. मग चांगल्या दिवशीही वीसच, वाईट दिवशी पंधरा. हे पाळणं भयंकर कंटाळवाणं आहे, पण फरक यानेच पडतो.

इथे एक खाचखळगा आहे, तो डॉक्टरांशी बोलून घ्या. फायब्रोमायाल्जियात हळूहळू वाढवत नेलेलं चालणं आणि हलका व्यायाम गुण देतो. पण थकव्याचा दुसरा एक आजार आहे, एमई/सीएफएस म्हणतात. त्यात झेपण्यापलीकडे काम झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पार कोसळतो आणि सावरायला दिवस, कधी आठवडे लागतात. अशांनी दर आठवड्याला व्यायाम वाढवत न्यायचा नसतो. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक मापाने व्यायाम वाढवायची शिफारस त्यांच्यासाठी काढून टाकली. कोविडनंतर थकवा मागे लागलेल्यांपैकी काहींचंही असंच होतं. तुम्ही कोणत्या बाजूचे, हे नाव लागायच्या आधी वहीच सांगते: चालून आल्यावर परवा कसं होतं, ते बघा.

मशीनवर

गणवेशाचा धंदा म्हणजे एप्रिल ते जून मरणाची घाई. शाळा उघडायच्या आत माल गेला पाहिजे. पीस रेटवर (जेवढे नग तेवढी मजुरी) बसलेलं असताना "दर अर्ध्या तासाने उठा" हा सल्ला कोण पाळणार? घड्याळ बघायला वेळ कुणाला आहे? मी बॉबिनवर उठते. बॉबिन संपली की ती बदलायची, उभं राहायचं, खांदे मागे फिरवायचे, दोन घोट पाणी प्यायचं आणि बसायचं. कुणाच्या नजरेत येत नाही, मालकही काही बोलत नाहीत. स्टुलाऐवजी पाठ टेकायची खुर्ची मागा, पायडलवर पाऊल सपाट बसेल इतकी उंची ठेवा, बंडल उजवीकडे जमिनीवर न ठेवता शेजारच्या स्टुलावर ठेवा. दुसरं काम करत असाल तर तुमची "बॉबिन" तुम्ही शोधा.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि युनिट ईएसआयखाली (सरकारी कामगार विमा योजना) असेल तर पगारातून कपात होते का ते स्लिपवर बघा. कपात होत असेल तर कामगार विम्याच्या दवाखान्यात तपासण्या होतात. शिवाय सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी दाखला त्यांच्याच डॉक्टरांचा लागतो. खासगी चिठ्ठी घेऊन गेलं की परत फिरावं लागतं.

गोळ्या आणि पुड्या

दुकानातून "अंगदुखीची द्या" म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका. पोटात व्रण होतात, किडनीवर ताण येतो, आणि उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर जास्तच. व्हिटॅमिन डीची ६०,००० ची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक काळापुरती असते. शेजारणीला गुण आला म्हणून रोज खाल्ली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून वेगळंच दुखणं मागे लागतं.

सांधेदुखीवर "जडीबुटीची पुडी" देणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. दोन दिवसांत माणूस पळायला लागला तर हुरळून न जाता संशय घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे. त्याने तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि खरा आजार झाकला जाऊन निदान आणखी लांबतं. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा. दवाखान्यात इंजेक्शन दिलं तर त्याचं नाव कागदावर लिहून मागा.

डॉक्टरांनी रात्रीची अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहिली आणि मेडिकलवाल्याने "ही तर डिप्रेशनची" असं सांगितलं, तर घाबरू नका. या गोळ्या दुखण्याच्या संदेशांवरही काम करतात. अमिट्रिप्टिलिन तर बहुधा कमी मात्रेत असते आणि झोपेलाही मदत होते. काय त्रास होतो ते वहीत लिहा आणि विचारल्याशिवाय सोडू नका. आणि मन खरंच खचत असेल, जगणंच नको वाटत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

घरची माणसं

दुखणं दिसत नाही, हीच अडचण. जाऊबाई म्हणतात, "बसूनच तर काम आहे तुमचं." कोणी नजर उतरवायला सांगतं, कोणी गुरुवारी अक्कलकोटला जा म्हणतं. मी अक्कलकोटला जाते, गोळ्याही घेते, दोन्हींचं भांडण नाही. मात्र पटवून देत बसू नका. आजार समजावून सांगण्यात जेवढी ताकद जाते तेवढ्यात अर्धं घर झाडून होतं. नेमकं काम मागा: "डॉक्टर शोधतायत, कळलं की सांगेन. आज पहाटे पाणी आलं तर पाईप तू धर." माझा मुलगा दहावीला आहे, त्याला "आईला मदत कर" म्हटलं तर कळत नाही. "दोन बॅरल भर" म्हटलं की भरतो.

सणवारात निवड करा. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर ६८ लिंगांची फेरी होते. ती लांबून हात जोडण्याची गोष्ट, एवढं चालणं आपल्याने होणार नाही. मी फक्त अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांच्या लग्नाचा) धरते, आदला दिवस आणि नंतरचे दोन दिवस मोकळे ठेवून. जत्रेतल्या पाळण्यात मुलं आपापली बसतात.

फाईलचं एक शेवटचं. मूळ रिपोर्ट कुठल्याही दवाखान्यात सोडू नका, झेरॉक्स द्या. तारखेप्रमाणे लावा, नवा वर. ईसीजी आणि काही बिलं चकचकीत कागदावर छापलेली असतात. आपल्या उन्हाळ्यात ती उडून कोरी होतात, म्हणून त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि ओपीडीतून बाहेर पडायच्या आधी विचारा: "पुन्हा कधी येऊ, आणि तोपर्यंत काय झालं तर आधी यायचं?" उत्तर तिथेच, केस पेपरवर लिहून घ्या.